किनाऱ्यावरील सहली: पैसे आगाऊ भरावेत की उतरल्यावर ठरवावे?

क्रूझच्या प्रवासात किनाऱ्यावरील सहलीचे पैसे आगाऊ भरावेत की उतरल्यावर तिथेच व्यवस्था करावी, याचे उत्तर बंदरागणिक बदलते. जहाज कंपनीकडे आगाऊ नोंदवलेल्या सहलीचा खरा लाभ वेळेच्या हमीत आहे. परतीची बस वाहतुकीत अडकली, तर जहाज सहसा थांबते किंवा कंपनी प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करते, आणि वादळामुळे जहाज त्या बंदराला लागलेच नाही, तर सहलीचे पैसे परत मिळतात. जहाज धक्क्याला न लागता दूर नांगर टाकते, तिथे या प्रवाशांना लहान बोटींतून बहुधा आधी उतरवले जाते.

उतरल्यावर ठरवणाऱ्याला हे संरक्षण नसते. उशीर झाला आणि जहाज निघून गेले, तर पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते, आणि पासपोर्ट खोलीत राहिला असेल तर अडचण फारच वाढते. मात्र हवामान पाहून बेत बदलता येतो आणि खर्चही बहुतेक वेळा कमी येतो.

रोमसाठीचे चिव्हितावेक्किया बंदर शहरापासून सुमारे 70 ते 80 किलोमीटर दूर असल्यामुळे तिथे आगाऊ पैसे भरणेच मला योग्य वाटते. मात्र सहल रद्द करण्याची शेवटची मुदत आधी अवश्य वाचावी. माँटेनेग्रोतील कोटोर येथे तटबंदीचे जुने शहर बंदराच्या अगदी समोर, पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे सहल विकत घेण्याची गरजच पडत नाही.