नाशिकच्या रविवार कारंजाजवळचं लेस-टिकल्यांचं दुकान: माल झकास, रंगाचं काही सांगता येत नाही

मित्राच्या गच्चीवर पार्टी होती, थीम 1970 च्या दशकातली खलनायिका. मी ड्रॅगमध्ये, म्हणजे पुरुषाने बाईचा झगमगीत वेश करून, जायचं ठरवलं आणि गाऊन घरीच शिवला, आईच्या पायमशीनवर. सामान सगळं या दुकानातलं.

काकांनी विचारलं, ‘कुणासाठी?’ ‘माझ्यासाठीच.’ क्षणभर थांबले, मग टेप माझ्या खांद्यांवर लावून म्हणाले, ‘मग चार मीटर घ्या, साडेतीनात तुमचे खांदे बसायचे नाहीत.’ अगदी बरोबर निघालं!

सोनेरी टिकल्यांचं कापड 260 रुपये मीटर, पन्हा (रुंदी) 44 इंच. शिवणीच्या रेषेवरच्या टिकल्या आधी उसवून काढा. मी आळस केला आणि 16 नंबरच्या दोन सुया मोडल्या. अस्तर लावाच, नाहीतर काखेत ओरखडे.

लाल पिसांच्या लेसचा रंग मात्र घामाने उतरला. रात्री अकरापर्यंत माझी मान म्हणजे सांडलेला कुंकवाचा करंडा! बदलून मागितली, तर ‘कापलेला माल परत नाही’. पाटी आहे खरी, पण गोंड्यांच्या मागे लपलेली.

नितंबांना लावायचा फोम इथे मिळत नाही, तो गादीवाल्याकडे. आणि शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, लग्नवाल्यांची झुंबड असते.