ऑनलाइन पीएचडीच्या नादात माझे चार लाख आठ हजार गेले

आधीच सांगते, मी भोळी नाही. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वीस वर्षं एचआर सांभाळते आहे. उमेदवारांचे दाखले खरे की खोटे हे बघणं माझ्या रोजच्या कामात येतं. आयटीआयचे बनावट दाखले मी नुसत्या शिक्क्याच्या शाईवरून ओळखून परत केलेले आहेत. त्यामुळे हे लिहायला बसायलाच मला आठ महिने लागले.

पन्नाशीनंतर शिकवायचं, हे मनात बऱ्याच वर्षांपासून होतं. एमबीए २००३ चं. पार्ट-टाइम पीएचडीची चौकशी करायला एकदा इथल्या युनिव्हर्सिटीत गेलेही होते. एंट्रन्स, मुलाखत, कोर्सवर्क, कंपनीचं ना-हरकत पत्र, किमान तीन वर्षं... हे ऐकून फतेहगंजातून घरी येईपर्यंत उत्साह मावळला होता. मग जानेवारी २०२३ मध्ये एका रात्री फोनवर जाहिरात आली: नोकरी सांभाळून, घरबसल्या, अमेरिकन युनिव्हर्सिटीची पीएचडी इन ऑर्गनायझेशनल लीडरशिप. फॉर्म भरला आणि दहा मिनिटांत फोन. रात्रीचे पावणेदहा वाजले होते. इतक्या रात्री कुठली युनिव्हर्सिटी फोन करते, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. उलट, किती तत्पर आहेत असं वाटलं.

पलीकडची मुलगी गोड बोलायची. ‘मॅम, तुमची प्रोफाइल बघून सिनेट खूश आहे’ असं तिनं तिसऱ्या दिवशी सांगितलं. सिनेट, म्हणजे युनिव्हर्सिटीचं कारभारी मंडळ! आणि मी ते नवऱ्याला जेवताना सांगितलंसुद्धा.

चौकशी मी केली होती, हे मुद्दाम सांगते. त्यांच्या वेबसाइटवर अ‍ॅक्रेडिटेशन (म्हणजे दर्जाची मान्यता) देणाऱ्या संस्थेचं नाव होतं. मी त्या संस्थेच्या वेबसाइटवर गेले, तिथे युनिव्हर्सिटीचं नाव यादीत होतं. अमेरिकेतल्या नंबरवर फोन लावला, एका सभ्य माणसानं ‘येस मॅम, फुल्ली अ‍ॅक्रेडिटेड’ म्हणून सांगितलं. मला वाटलं, झालं काम. पुढे कळलं की अमेरिकेचं शिक्षण खातं स्वतः कुठल्याच युनिव्हर्सिटीला अ‍ॅक्रेडिटेशन देत नाही. ते काम खासगी संस्था करतात, आणि त्यातल्या खऱ्या कुठल्या, ते शिक्षण खातं आणि ‘चिआ’ नावाची परिषद ठरवते. दोघांच्या याद्या इंटरनेटवर फुकट बघता येतात. माझ्या युनिव्हर्सिटीला मान्यता देणारी संस्था दोन्हीकडे नव्हती. म्हणजे मी चोराची चौकशी चोराच्याच भावाकडे करून आले होते. वेबसाइटचा पत्ता ‘डॉट ईडीयू’वर संपत नव्हता, तेही नजरेतून सुटलं. २००१ पासून ते शेपूट मान्यताप्राप्त अ‍ॅक्रेडिटेशन असलेल्या संस्थांनाच मिळतं.

माहितीपत्रकावर आयएसओ ९००१ चा लोगो होता. आमच्या कारखान्यालाही ते सर्टिफिकेट आहे, गेज वेळेवर कॅलिब्रेट होतात का वगैरे बघून मिळालेलं. पदवी खरी की खोटी याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तो लोगो बघून बरं वाटलं.

फी तीन लाख वीस हजार. पस्तीस हजार यूपीआयनं लगेच, कारण ‘सीट उद्या सकाळपर्यंतच ब्लॉक राहील’. उरलेले दोन लाख पंच्याऐंशी हजार ‘नो कॉस्ट ईएमआय’वर, ११,८७५ चे चोवीस हप्ते. ते युनिव्हर्सिटीचे हप्ते असतील असं मी धरून चालले. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीनं माझ्या नावावर कर्ज काढून सगळी रक्कम त्यांना एकरकमी देऊन टाकली होती. ओटीपी मीच सांगितला होता. कोर्स सोडला, फसलात, तरी कर्ज तुमचंच आणि हप्ता चुकला की बिघडणारा सिबिल स्कोअरही तुमचाच.

आणखी एक गोष्ट तेव्हाच दिसायला हवी होती. जीएसटीच्या पावतीवर ‘पीएचडी’ किंवा ‘ट्यूशन फी’ हा शब्द नाही. लिहिलंय ‘लीडरशिप अ‍ॅडव्हायझरी अँड रिसर्च असिस्टन्स’. कागदोपत्री त्यांनी मला पदवी विकलीच नाही, सल्ला विकला. पुढे वकिलांनी पावती हातात घेऊन पहिलं बोट तिथेच ठेवलं.

अभ्यास मात्र मी खरा केला, आणि मला अजूनही त्याचाच जास्त त्रास होतो. विषय निवडला होता: पाळीतल्या सुपरवायझरची वागणूक आणि कामगारांच्या खाड्यांचं प्रमाण. प्रश्नावली गुजरातीत करून घेतली, कँटीनमध्ये बसून एकशे चाळीस कामगारांकडून भरून घेतली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना एकेक प्रश्न वाचून दाखवला. रविवारी सकाळी घरचे सेव-उसळ खायला बाहेर पडायचे तेव्हा मी लॅपटॉपवर तक्ते भरत बसायचे. अमेरिकेतल्या खऱ्या युनिव्हर्सिटीत माणसांवर असं संशोधन करायचं तर आधी नीतिविषयक समितीची परवानगी लागते, सहभागी होणाऱ्यांची संमती लागते. मला कुणी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही.

गाईड म्हणून जे प्रोफेसर दिले होते ते महिन्यातून एकदा झूमवर यायचे, कॅमेरा बंद. एकदा रात्री अकराला मी छप्पन्न पानांचं प्रकरण पाठवलं, अकरा चाळीसला उत्तर आलं: ‘एक्सलंट वर्क, प्रोसीड.’ मी खूश. शेवटी १८७ पानांचा प्रबंध झाला आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, बावीस मिनिटांत आटोपला. परीक्षकांनी माझ्या मांडणीच्या ओघाचं खास कौतुक केलं. दोन आठवड्यांनी बाइंडिंगला देताना लक्षात आलं की पान ६१ ते ७४ चा मजकूर चुकून दोनदा पेस्ट झालाय. ७५ व्या पानावर तेच प्रकरण पुन्हा सुरू होतं, त्याच वाक्यानं. राजमहल रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून मी ती पानं उलटसुलट करत होते. आत कुठेतरी थंड पडत चाललं होतं. तरी मी काय केलं? जादाची चौदा पानं काढली आणि बाइंडिंगला दिलं.

पैशांची गळती चालूच होती. रिसर्च पेपर छापायचे अठ्ठावीस हजार (दोन दिवसांत स्वीकारला, एकही दुरुस्ती नाही). पदवीच्या अपोस्टिलचे अठरा हजार. या अपोस्टिलबद्दल सांगायलाच हवं, कारण त्या सोनेरी सीलनं माझी उरलीसुरली शंका मिटवली. अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसार कागदावर लावलेलं प्रमाणपत्र. ते फक्त एवढंच सांगतं की या कागदावर सही करणारा नोटरी खरोखर नोटरी आहे. कागदात काय लिहिलंय ते खरं आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. उद्या मी ‘ही बडोद्याची महाराणी आहे’ असं कागदावर लिहून अमेरिकेतल्या नोटरीसमोर सही केली, तर त्यालाही अपोस्टिल मिळू शकेल.

मग दीक्षान्त. दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलात, बेचाळीस हजार, प्रवास वेगळा. त्यात गाऊनचं भाडं दीड हजार. गाऊनच्या कॉलरला आधीच्या कुणाचीतरी सेफ्टी पिन तशीच होती. चहाला ओळखी झाल्या तर पहिल्या रांगेतच माझ्या गाईडचे अकरा विद्यार्थी निघाले. आपल्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानं पूर्ण प्रोफेसरलासुद्धा एका वेळी आठपेक्षा जास्त पीएचडीचे विद्यार्थी घेता येत नाहीत. अकरा जणांत एक बँक मॅनेजर, एक शाळेचे प्रिन्सिपॉल. सगळे माझ्यासारखेच टापटीप आणि आनंदात.

ऑगस्ट २०२४ मध्ये दांडिया बाजारातल्या आमच्या दारावर पितळी पाटी लागली, ‘डॉ.’ सकट. पेढे वाटले. शेजारचे नानाकाका इथल्या युनिव्हर्सिटीतून रीडर (प्रोफेसरच्या खालचं पद) म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पेढा हातात धरून विचारलं, ‘किती दिवसांत झाली गं?’ म्हटलं, अठरा महिन्यांत. ते म्हणाले, ‘अरे वा. बाबासाहेब इथल्याच सयाजीमहाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेले. प्रबंध लिहून झाला तरी तो छापून दिल्याशिवाय पदवी हातात पडली नाही. १९२७ उजाडलं.’ आणि पेढा खाल्ला. मला राग आला. म्हातारा जळतोय असं मी घरात बोललेसुद्धा. ते वाक्य मला आता परत घेता येत नाही.

नोव्हेंबरमध्ये एका मॅनेजमेंट कॉलेजात व्हिजिटिंगसाठी अर्ज केला. कागद तपासणाऱ्या बेननी फाइल चाळली, अपोस्टिलवर नजरही टाकली नाही. ‘बेन, एआययूचं इक्विव्हॅलन्स सर्टिफिकेट?’ मी म्हटलं, ते काय? परदेशी पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे, असं तेव्हा भारतीय विद्यापीठ संघाकडून घ्यावं लागणारं पत्र. आणि ऑनलाइन केलेल्या परदेशी पदवीला ते मिळत नसे. मी वाद घालायला लागले तेव्हा त्यांनी खुर्ची वळवून मागच्या बोर्डावर पेनानं दाखवलं. यूजीसी आणि एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) संयुक्त सूचना पिनेनं टोचून ठेवली होती: परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. तारीख २८ ऑक्टोबर २०२२. त्यानंतर दहाच दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, यूजीसीचे पीएचडीचे नवे नियमही आले. त्यातही दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडी नाही. पार्ट-टाइमला परवानगी आहे, पण कोर्सवर्क वगैरे सगळ्या अटी पुऱ्या करून. माझा पहिला पस्तीस हजारांचा हप्ता त्यानंतर तीन महिन्यांनी गेला होता.

त्या बेन वाईट बोलल्या नाहीत. पाणी दिलं आणि म्हणाल्या, ‘या वर्षातल्या तुम्ही चौथ्या.’

अमेरिकेत या विषयाची खरी ऑनलाइन डॉक्टरेट असते, ती करून खासगी नोकरीत पुढे गेलेले लोकही असतील. पण इथे कॉलेजात शिकवायला तीही चालत नाही. आणि माझी तर खरी नव्हतीच.

अर्ज मी त्याच दिवशी मागे घेतला. खोटी पदवी दाखवून नोकरी मिळवली तर फसवणारी मी ठरते. ऑफिसच्या मेलखालचं ‘डॉ.’ काढलं, साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी माझं नाव कंपनीच्या दिवाळी अंकात छापलं होतं. ते काही बोलले नाहीत, नुसतं चष्मा पुसत बसले.

तक्रारीचं काय झालं? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. पण तिथे पैसे अडवायचे तर घटना ताजी असावी लागते, माझी पावणेदोन वर्षं जुनी. पोलिस म्हणाले, तुम्हाला सेवा मिळाली आहे, हा दिवाणी मामला. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिल्लीला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला आयोगाची फी नाही. मुदत दोन वर्षांची. म्हणून सांगते, लाजेपोटी दिवस घालवू नका, मी घालवले. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपा, कारण ‘पीएचडी’ हा शब्द माझ्याकडे फक्त तिथेच लेखी आहे. यूजीसी कायद्यात तर, हक्क नसताना पदवी देणाऱ्याला दंड किती, तर जास्तीत जास्त एक हजार रुपये. माझ्या गाऊनच्या भाड्यापेक्षा कमी.

पाटी नवऱ्यानं एका दुपारी, मी कामावर असताना काढली. स्क्रूची भोकं पुट्टीनं बुजवली आहेत, रंग अजून जुळत नाही.

नानाकाकांनी परवा युनिव्हर्सिटीच्या पीएचडी एंट्रन्सची माहिती आणून दिली. एकशे चाळीस प्रश्नावल्यांचा खोका माळ्यावरून खाली काढलाय, पुढचं बघू. आणि गेल्या बुधवारी पुन्हा एक फोन आला, आवाज नवा, गोडवा तोच: ‘डॉक्टर मॅम, तुमची पीएचडी झालीच आहे, आता पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपची सीट ब्लॉक करू?’ मी तिला शेवटपर्यंत बोलू दिलं, फी विचारली, खातं कुणाच्या नावावर आहे ते विचारलं, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतलं. त्याचा प्रिंट काढून तक्रारीच्या फाइलला जोडलाय, पान ४३.