जॅझसाठी परवडणारा ॲम्प: फेंडर चॅम्पियन ४० की रोलंड क्यूब स्ट्रीट?

मालवणातल्या एका तरुण गिटारवादकापुढे ॲम्पचे, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचे, हे दोन पर्याय आहेत. जॅझला गोल, स्वच्छ स्वर लागतो आणि जाड तारांचा खालचा, मंद्र स्वर भरगच्च कॉर्ड (एकाच वेळी वाजवलेले अनेक स्वर) वाजवतानाही चिरकता कामा नये. म्हणून डिस्टॉर्शनचे (मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाचे) किती प्रकार मिळतात, हे येथे बाजूला ठेवणेच बरे.

चॅम्पियन ४० मध्ये ४० वॅट आणि १२ इंची एक स्पीकर आहे. क्यूब स्ट्रीटमध्ये जेमतेम ५ वॅट आणि साडेसहा इंची दोन स्पीकर आहेत. स्वराचा भरीवपणा पाहिला, तर स्पीकरच्या मोठ्या शंकूमुळे (कोनमुळे) चॅम्पियन सरस ठरतो. ड्रम आणि डबल बास सोबत असताना ५ वॅटचा ॲम्प आवाज वाढवताच स्वच्छपणा गमावू लागतो. एकट्याने किंवा गायिकेसोबत हळू वाजवताना मात्र क्यूबचा जेसी क्लीन (रोलंडच्या जॅझ कोरस ॲम्पसारखा स्वच्छ) स्वर पुरेसा ठरतो, शिवाय त्यात माइकसाठी स्वतंत्र चॅनेल आहे.

पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा क्यूब सहा डबल-ए सेलवर चालतो; चॅम्पियन गप्प बसतो. क्यूब सुमारे पाच किलोंचा असल्याने एसटीनेही नेता येतो. दोघेही सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारे, असल्याने व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) बदलण्याचा खर्च नाही, परंतु खाऱ्या दमट हवेत जॅक आणि बॅटरीचे स्प्रिंग गंजतात. म्हणून पावसाळ्यात वाजवून झाले की सेल काढून ठेवावेत.

चमूसोबत वाजवणाऱ्याने चॅम्पियन घ्यावा. घरगुती रियाज आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या छोट्या बैठका करणाऱ्याने क्यूब.