खंड्या, चिमणीची बेल आणि साडेअकरा हजार : कुत्र्याच्या ट्रेनरचा रिव्ह्यू

कोथरूड साइडला कोणी कुत्र्यासाठी ट्रेनर शोधत असाल आणि तुमचं कुत्रं "तसं गुणी आहे हो, फक्त अनोळखी माणूस दिसला की..." या टाइपचं असेल तर हे वाचा. ट्रेनर ताईंचं नाव टाकत नाहीये, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, आधीच महिनाभराचं वेटिंग आहे म्हणे. त्यामुळे हा रिव्ह्यू बाईंचा कमी आणि त्या जे काम करतात त्याचा जास्त समजा.

आमचा खंड्या देशी, साडेतीन वर्षांचा, २१ किलो. चार महिन्यांचा असताना रस्त्यावरून घरी आला. घरच्यांसाठी नुसतं लोणी, सासूबाईंच्या पायाशी जपाच्या वेळी झोपतो. पण दाराची बेल वाजली की तोच प्राणी दारावर उड्या, तोंडाला फेस, आणि बाहेर सिलेंडरवाला जिन्यातूनच ओरडतो "वहिनी कुत्रा बांधा आधी". फिरायला नेलं की समोरून हेल्मेट घातलेला माणूस आला तरी तेच. मी ओढतेय, तो ओढतोय, आणि सोसायटीतल्या काकू गॅलरीतून बघतायत.

ताईंच्या आधी आम्ही एक माती खाल्ली ती सांगते. एका ठिकाणी ट्रेनिंगसाठी पंधरा दिवस ठेवायला दिला होता, १८ हजार. व्हिडिओ यायचे, एकदम शहाणं बाळ. घरी आला तो आतून काटे असलेला पट्टा गळ्यात घालूनच. तीन दिवस हू की चू नाही, आम्ही खूश, आणि चौथ्या दिवशी न गुरगुरता न भुंकता थेट कुरियरवाल्याच्या पँटला तोंड घातलं. नशीब की नुसती पँट फाटली. ताईंनी नंतर समजावलं की गुरगुरणं हा भोंगा असतो, त्यावर मार दिला की भोंगा बंद होतो, भीती आत तशीच राहते, वर माणूस दिसला की मान दुखते हे नवीन शिकणं ते वेगळंच. अमेरिकेत प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या व्हेट लोकांची संघटना आहे, त्यांचं २०२१ चं निवेदन त्यांनी मोबाइलवर दाखवलं, त्यात असल्या पट्ट्यांना सरळ नकार आहे. आम्ही पट्टा कचऱ्यात टाकला. १८ हजार काही परत आले नाहीत.

आता ताई. पहिली व्हिजिट २५००, पुढची सहा सेशन्स प्रत्येकी १५००. पहिल्याच दिवशी बेल वाजवलीच नाही, खालून फोन केला. येण्याआधी व्हेटकडे जाऊन कंबर, पाय, कान, दात सगळं तपासून या म्हणाल्या, कारण दुखणं असलं की कुत्रं चिडतं आणि मग कितीही ट्रेनिंग करा. आल्या, एका कोपऱ्यात खंड्याकडे पाठ करून बसल्या आणि पाऊण तास आम्हालाच प्रश्न. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता, अडीच हजार दिले आणि बाई कुत्र्याला हातसुद्धा लावत नाहीत! पण त्याच दिवशी त्या एक वाक्य बोलल्या ते डोक्यात बसलं. "तुमच्या मते झोमॅटोवाला पार्सल देऊन गेला. त्याच्या मते तो भुंकला म्हणून माणूस पळाला. दिवसातून चार वेळा तो जिंकतोय." खरंय की हो, साडेतीन वर्षं रोज जिंकतोय तो.

मग सुरू झालं अंतराचं गणित. वेताळ टेकडीवर सकाळी माणसांना तोटा नाही. चाळीस पावलांवर माणूस असला की खंड्या कान टवकारून बघतो पण खाऊ खातो, तीसवर आला की कलेजी नाकाला लावली तरी तोंड उघडत नाही. खात नाही म्हणजे उशीर झाला, मागे फिरायचं, चूपचाप, ओरडायचं नाही. आपण चाळीसवरच काम करायचं. आणि क्रम महत्त्वाचा : आधी माणूस दिसला पाहिजे, मग कलेजी. माणूस गेला, कलेजी बंद. मी आठ दिवस उलटं करत होते, लांबून कोणी येताना दिसलं की घाईघाईने हात पिशवीत. परिणाम असा की पिशवीचा चेनचा आवाज आला की खंड्या इकडेतिकडे माणूस शोधायला लागला, म्हणजे खाऊ हीच धोक्याची सूचना झाली! ताई हसल्या, मग पिशवी मागे कमरेला लावायला लावली आणि मला हात खाली सोडून उभं राहायची प्रॅक्टिस दिली. मला, कुत्र्याला नाही.

कलेजीचं प्रकरणही सांगायला हवं कारण आमचं घर शाकाहारी. पनीर घरात चालतं, टेकडीवर पनीरला खंड्या विचारत नाही. शेवटी मैत्रिणीकडे उकडून, मटारच्या दाण्याएवढे तुकडे करून डब्यात आणते, तो डबा फ्रीजरमधे सगळ्यात खाली, सासूबाईंनी वर लाल टिकली चिकटवलीय.

बेलवर जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. आमची बिल्डरने बसवलेली चिवचिव करणारी चिमणीची बेल, तिचा आवाज म्हणजे खंड्याला युद्धाचा शंख. ताई म्हणाल्या ही बेल आता बाद, नवीन आवाजाची घ्या. ३५० ची वायरलेस आणली. मग बेल वाजवायची आणि कोणीच यायचं नाही, फक्त हॉलच्या कोपऱ्यातल्या सतरंजीवर पाच-सहा तुकडे पडायचे. रोज वेगवेगळ्या वेळी, थोडं थोडं. दहाव्या दिवशी बेल वाजल्यावर तो दाराकडे न जाता सतरंजीकडे पळाला तेव्हा मी अक्षरशः नवऱ्याला ऑफिसमधे फोन केला. त्यानंतर दार उघडणं, मग शेजारचे काका दारात, मग काका आत. प्रत्येक पायरीला आठवडा-दोन आठवडे. एखादा दिवस वाईटच जातो, सकाळी घंटागाडी, मग ड्रिलिंग, मग कोणाचे फटाके, अशा दिवशी संध्याकाळी पाहुणा आणायचाच नाही, कुत्र्याच्या डोक्यात ते सगळं साठत जातं.

पाहुण्यांचं ट्रेनिंग मात्र जास्त अवघड. दारावर नवऱ्याने पाटी लावलीय, पुण्यात राहून पाटीला काय लाजायचं : "खंड्याकडे बघू नये. वास घ्यायला हात पुढे करू नये. मला कुत्री खूप आवडतात असे सांगू नये." तरी प्रत्येक जण वाकतोच. बाहेर जाताना जाळीचं मझल, म्हणजे तोंडाला घालायचं मुसकं, तेही दोन आठवडे आत पीनट बटर लावून सवय केली (डब्यावर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ते, लिहिलेलं नाही ना बघा, कुत्र्याला ते विष आहे). दुकानात कापडी घट्ट मझल मिळतं ते फिरायला घेऊ नका, धापा टाकता आल्या नाहीत तर आपल्या उन्हाळ्यात हाल होतील. मझलचा साइड फायदा असा की लोक आपणहून लांब होतात.

तक्रारी आहेत. व्हॉट्सॲपला उत्तर कधी दोन दिवसांनी. रविवारी येत नाहीत, म्हणजे नोकरी करणाऱ्यांनी सुट्टी टाका. आणि गृहपाठाचा कागद इंग्लिशमधे, जेव्हा की दिवसभर खंड्याबरोबर घरी असतात सासूबाई. सांगितल्यावर मराठीत ऑडिओ पाठवले, ते सासूबाई किर्तनासारखे ऐकतात, पण हे मागावं का लागलं? शिवाय दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकतो त्यासाठी वेगळं पॅकेज आहे, ते आधी सांगितलं नव्हतं.

चार महिने झाले. खंड्या कोणाच्या मांडीवर जाऊन बसत नाही, तशी अपेक्षा असेल तर पैसे घालवू नका. पण गणपतीत आरतीला बारा माणसं होती, तो आतल्या खोलीत दार लावून शांत चघळत बसला होता, आणि सिलेंडरवाल्याने गेल्या वेळी सतरंजीवर पडलेला खंड्या बघून विचारलं "आजारी आहे का हो?" भुंकतो अजून, दोन-तीनदा, मग माझ्याकडे बघतो.

पाचपैकी चार स्टार. सहावं सेशन मुद्दाम शिल्लक ठेवलंय, दिवाळीत नणंद येतेय आणि तिची दोन्ही पोरं पळणाऱ्यातली आहेत.