त्वचेतलं पाणी मोजायचं, पण कशाने? पेन, कॉर्निओमीटर की टेवामीटर

त्वचेतला ओलावा मोजणारी यंत्रं सध्या दोन टोकांना मिळतात. एकीकडे ऑनलाइन हजार-दोन हजारांच्या आत येणारं पेनसारखं उपकरण, दुसरीकडे प्रयोगशाळांमधली लाखांच्या घरातली यंत्रं. दोन्ही मोजतात तेच, फरक फक्त अचूकपणाचा, असं विकणारे बेधडक सांगतात. खरं म्हणजे ती वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. घरातल्या वयस्क माणसाच्या कोरड्या कातडीसाठी काही घ्यायचं असेल, तर हा फरक आधी समजून घ्यायला हवा.

त्वचेचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम. तळहात-तळपाय सोडले तर त्याची जाडी जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याच्या बाहेरच्या बाजूला पाणी साधारण 15 ते 30 टक्के असतं. खाली जिवंत पेशी सुरू झाल्या की ते 70 टक्क्यांच्या आसपास जातं. मग पेनच्या पडद्यावर '38.5%' उमटतं, ते नेमकं कुठल्या थरातलं? पेन बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं आणि तो किती सहज वाहतो त्यावरून टक्केवारी काढतं. ते सूत्र बनवणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय घामातल्या मिठानेही प्रवाह सोपा होतो. जिना चढून आल्याआल्या पेन टेकवा, मग पंख्याखाली वीस मिनिटं बसून पुन्हा टेकवा. दोन आकडे वेगळे आले तर नवल नाही. प्रदर्शनातल्या स्टॉलवर सीरम लावायच्या आधी एकदा आणि लावल्यावर लगेच एकदा रीडिंग दाखवतात, तेही तसलंच. दुसऱ्या वेळी यंत्र मोजतं ते बरंचसं सीरममधलं पाणी.

कॉर्निओमीटर जर्मनीतल्या कोलोनच्या करेज अँड खझाका कंपनीचं. त्वचाशास्त्राच्या संशोधनात सर्वाधिक वापर याचाच. हे धारिता (कपॅसिटन्स), म्हणजे वीज साठवून ठेवण्याची क्षमता मोजतं. कुठला पदार्थ ही क्षमता किती वाढवतो, तो आकडा म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक. पाण्याचा तो 80 च्या जवळ, बहुतेक इतर पदार्थांचा एक अंकी. त्यामुळे वरच्या थरात पाणी वाढलं की धारिता वाढते. त्वचेला टेकवायचा भाग, म्हणजे प्रोब, स्प्रिंगवर बसवलेला असतो, म्हणून दाब दर वेळी सारखा पडतो आणि सेकंदभरात आकडा येतो. तो आकडा टक्क्यांत नसतो, 0 ते 120 अशा, त्या यंत्रापुरत्या ठरवलेल्या एककांत असतो. मला याचा प्रामाणिकपणा आवडतो. ढोबळमानाने 30 च्या खाली फार कोरडी आणि 40 च्या वर ठीक असं धरतात, पण कपाळाचा आकडा नडगीला लावायचा नाही. त्याच जागी लागोपाठ प्रोब टेकवत राहिलात तर खाली बाष्प कोंडून आकडा चढत जातो. मध्ये काही सेकंद सोडावे लागतात. तेल लावलेल्या अंगावर तर मोजूच नये.

जपानी स्किकॉन हा याचा जुना स्पर्धक. 3.5 मेगाहर्ट्झवर तो वाहकता मोजतो. हाचिरो तागामी आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये ही पद्धत मांडली. चांगल्या ओल्या त्वचेतले बारीक फरक त्याला जास्त कळतात, कोरड्या त्वचेतले कॉर्निओमीटरला. म्हाताऱ्या माणसाच्या नडगीसाठी कॉर्निओमीटर बरा.

आता वयाकडे वळू. 'वय वाढलं की त्वचेतलं पाणी आटतं' हे वाक्य अर्धंच खरं आहे. नवजात बाळाची त्वचा पहिले काही दिवस कोरडी असते, पुढे तिचा ओलावा मोठ्या माणसापेक्षाही वर जातो. उतारवयात वरचा थर कोरडा पडतो, विशेषतः पायांवर. सेरामाइडसारखे स्निग्ध पदार्थ आणि पाणी धरून ठेवणारे नैसर्गिक घटक घटतात, बायकांत रजोनिवृत्तीनंतर तेलही कमी सुटतं, आणि तरुणपणी साधारण 20 दिवसांत बदलणारा थर 30 दिवसांवर जातो. पण खालच्या थरात तसंच होतं असं नाही. उन्हाने जून झालेल्या त्वचेत प्रथिनांना न चिकटलेलं मोकळं पाणी उलट जास्त आढळलं आहे. त्यामुळे वरच्या 20 मायक्रॉनवरून 'तुमच्या त्वचेचं वय 52' सांगणाऱ्या यंत्रावर पैसे घालवू नका.

टेवामीटर त्वचेतून उडून जाणारं पाणी मोजतो, दर चौरस मीटरला तासाला किती ग्रॅम ते. आकडा जास्त म्हणजे त्वचेचं कुंपण फुटकं. पण 65 च्या पुढच्या लोकांत हा आकडा तरुणांइतकाच किंवा थोडा कमी भरतो. म्हणजे कातडी कोरडी, तरी गळती वाढलेली नाही. हे एकट्या कॉर्निओमीटरवरून कधीच कळत नाही, म्हणून प्रबंध करणाऱ्या विद्यार्थ्याने दोन्ही यंत्रं असलेला विभाग गाठावा. खोली 20 ते 22 अंशांवर, पंखा बंद, मोजण्याआधी माणूस 15 ते 30 मिनिटं तिथे बसलेला. जुलैतली मुंबई आणि मे महिन्यातलं नागपूर यांचे आकडे शेजारी मांडायचे तर ही शिस्त लागतेच.

खोलवरचं पाणी मोजणारं फिनलंडचं 300 मेगाहर्ट्झचं यंत्र अर्धा ते 5 मिलिमीटरपर्यंत जातं. हात-पाय सुजणाऱ्या लिम्फेडीमाच्या रुग्णांसाठी ते कामाचं, बाकीच्यांनी सोडून द्यावं.

पार्लर चालवणाऱ्यांनी पेन घेतलंच, तर एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच जागेवर, चेहरा धुऊन अर्ध्या तासाने, महिन्याकाठी तुलना करायला वापरावं. विकत घेण्याआधी दुकानातच एकाच ठिकाणी तीन वेळा टेकवून बघा. आकडे दहा-दहा टक्क्यांनी उड्या मारत असतील तर खाली ठेवा.

घरात आई किंवा आजीसाठी मात्र कुठलंच यंत्र नको. नडगीवर नखाने हलकी रेघ ओढा. पांढरी उठली, खवले दिसले, थंडीत अंग उलतंय, एवढं पुरेसं आहे. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात, अंग टिपून ओलसर असतानाच मलम किंवा खोबरेल. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून 'पाणी कमी प्यायलीस' असं मात्र ठरवू नका. म्हातारपणी लवचीकपणाच गेलेला असतो, चिमटी तशीही उभी राहते. त्यासाठी तोंड कोरडं पडलंय का, लघवी कमी आणि गडद होतेय का, ते बघा. खाज रात्री झोपू देत नसेल किंवा पाय सुजत असतील तर सरळ डॉक्टरांकडे न्या.