सायकल विंग की क्लॅमशेल? सेव्हन धाटणीच्या किटकारचे पुढचे मडगार्ड

लोटस सेव्हन या उघड्या, दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची किटकार (सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी) बांधताना पुढचे मडगार्ड बहुतेक जण फोटो बघून ठरवतात. पण फोटोत गाडी उभी असते आणि फरक पडतो तो चाक वळल्यावर. सायकल विंग चाकाचा हब ज्यावर बसतो त्या अपराइटला धरून असते, चाकाबरोबर वळते आणि वर-खाली होते. क्लॅमशेल बॉडीला बोल्टने पक्कं असतं, चाक त्याच्या पोटात फिरतं. बाकीचे फायदे-तोटे बहुतेक यातूनच निघतात.

‘अस्सल कुठलं’ या वादात पडू नका. १९५७ ची पहिली सेव्हन सायकल विंगवर आली, अमेरिकेसाठीच्या गाड्यांना क्लॅमशेल मिळालं आणि १९६० च्या सिरीज २ मध्ये ते रुळलं. दोन्ही लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनच्या हयातीतलेच.

पावसात मात्र सरळसरळ क्लॅमशेल. सायकल विंग टायरच्या माथ्यापुरतंच झाकते, त्यामुळे पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी आणि खडी चालवणाऱ्याच्या कोपरावर आणि मागच्या मडगार्डच्या तोंडावर येते. तिथे स्टोनगार्ड (खडीपासून रंग वाचवणारी पट्टी) लावलं नाही तर रंगाची वाट लागायला वेळ लागत नाही. क्लॅमशेल पार कॉकपिटच्या जवळपर्यंत उतरतं आणि यातलं बरंचसं अडवतं. थोडं काही उडतंच, पण लांबच्या प्रवासात माणूस कोरडा राहतो ही काही लहान गोष्ट नाही.

वेगात पारडं फिरतं. क्लॅमशेलच्या खाली हवा कोंडते, त्यामुळे गाडीचं नाक हलकं पडतं आणि हायवेच्या वेगाला स्टीअरिंग जरा सैल लागतं. ट्रॅकवर जाणारे सायकल विंग घेतात ते यासाठी, शिवाय वळणात चाक नेमकं कुठे टेकलंय ते डोळ्यांना दिसतं. ही मजा क्लॅमशेलवाल्यांना नाही.

पण सायकल विंगचं वजन स्प्रिंग पेलत नाही, ते चाकाच्या बाजूला पडतं. प्रत्येक खड्ड्याचा दणका मडगार्ड आणि त्याचे स्टे (त्याला धरून ठेवणाऱ्या नळ्या) खातात, म्हणून वेल्डपाशी तडा जाणं हे तिचं जुनं दुखणं. स्टे तुटला तर मडगार्ड टायरवर येतं. अधूनमधून वेल्डवर हात फिरवून बघायची सवय ठेवा. कार्बन फायबरचा खरा उपयोग इथे आहे, कारण वाचलेलं वजन नेमकं चाकापाशी वाचतं. कार्बनचं क्लॅमशेल घेण्यात मला तरी निव्वळ हौस दिसते.

बसवताना सायकल विंग चिकाटी मागते. टायरवर रबरी पाइपचे सारख्या जाडीचे तुकडे आडवे टाकायचे, त्यावर मडगार्ड ठेवून टेपने आवळायचं, चार पावलं मागे जाऊन दोन्ही बाजू बघायच्या आणि मगच खुणा करायच्या. इंडिकेटर मडगार्डवर असेल तर वायर पोकळ स्टेमधून न्या आणि चॅसीपाशी तिला मोकळा वळसा ठेवा, नाहीतर स्टीअरिंग फिरवून फिरवून ती आतून तुटते.

क्लॅमशेलला एकच परीक्षा, पण ती टाळू नका. स्प्रिंग काढून सस्पेन्शन जॅकने पूर्ण वर उचला आणि स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. रुंद टायर किंवा रुंद ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) घेतला असेल तर घासण्याची शक्यता इथेच कळते. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतोय का तेही बघा. ब्रिटनमध्ये अशी एकेकटी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी होणाऱ्या आयव्हीए तपासणीत चाकावरचं आच्छादन आणि कडांची गोलाई, दोन्ही बघतात.

गाडी मुख्यतः रस्त्यावर, पावसापाण्यात आणि सामान बांधून चालणार असेल तर मी क्लॅमशेल घेईन. सकाळी दोन तास वळणांचा रस्ता आणि कधी ट्रॅक, एवढंच असेल तर सायकल विंग. मन ठरतच नसेल तर सुरुवात सायकल विंगनेच करा. क्लॅमशेल नंतर चढवता येतं. उलट केलंत तर बॉडीच्या पत्र्यात बोल्टची भोकं उरतात, आणि न रंगवलेल्या ॲल्युमिनियमवर ती कितीही बुजवली तरी दिसतात.