2300 रुपयांत वॅगन आरला परत आलेला दम : साताऱ्यातल्या छोट्या गॅरेजचा अनुभव

आमची वॅगन आर 2013 ची, पेट्रोल, 998 सीसीचं के-सिरीज इंजिन, 92 हजार किलोमीटर झालेत. 68 पीएस म्हणजे काही फार नाही पण गाडी हलकी, नवी होती तेव्हा मस्त पळायची. गेल्या दिवाळीत पुण्याहून घरी येताना खंबाटकी घाटात चार माणसं, एसी बंद, तरी गाडी दुसऱ्या गिअरवरच कण्हत होती आणि मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, आई सारखी विचारतीय काय झालं रे गाडीला. फार वाईट वाटलं, कारण ही गाडी वडिलांनी घेतलेली आहे.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी स्कॅनरसुद्धा न लावता इंजिन फ्लश, डीकार्बनिंग, इंजेक्टर क्लीनिंग असं मिळून 14 हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. मग मामांनी सांगितलं म्हणून एमआयडीसीच्या बाजूला एक पत्र्याच्या शेडचं गॅरेज आहे तिथं गेलो, आणि हा रिव्ह्यू त्या मिस्त्रींसाठीच लिहितोय.

त्यांनी बॉनेट उघडलंच नाही आधी. म्हणाले चला एक राउंड मारून येऊ. हायवेला पाच-सहा किलोमीटर जाऊन आलो, उतरले आणि चारही रिमच्या जवळ हात नेऊन बघितला. पुढची उजवी रिम इतकी तापलेली की हात धरवेना. मग जॅक लावून चाक हाताने फिरवलं, डावं चाक सहज एक-दीड फेरा फिरत होतं, उजवं अर्ध्या फेऱ्यात थांबायचं. "साहेब, इंजिनला नावं ठेवू नका, गाडी ब्रेक दाबूनच पळतीय तुमची." कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना कोरड्या पडून जाम झालेल्या, त्यामुळे पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहायचे. पिना काढून साफ केल्या, ब्रेकचं वेगळं ग्रीस असतं ते लावलं, दोन्ही बाजूंचे मिळून 400 रुपये. माझ्या मते अर्धा फरक इथंच पडला.

मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. पाइप काढून मला जवळ बोलावलं, आतली पितळी पट्टी पार काळी, पांढरं फडकं फिरवलं तर डांबरासारखं निघालं. स्प्रे आणि मजुरी 500. एअर फिल्टर 250, जुना आपटला तर कासच्या निम्म्या रस्त्याची धूळ खाली पडली म्हणा. फिल्टरबद्दल त्यांनी सांगितलेलं मला पटलं, इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर चोंदला म्हणून ॲव्हरेज फार पडत नाही कारण हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलपण कमी सोडतो, पण ताकद लागते तेव्हा पिकअप मिळत नाही, म्हणजे नेमका घाटात मार बसतो. तीन स्पार्क प्लग 450, जुन्यांचा गॅप झिजून वाढलेला होता. क्लच केबल ॲडजस्ट केली त्याचे पैसेच घेतले नाहीत.

टायरमध्ये हवा बघितली तर 24! ही चूक माझी, पेट्रोल भरताना रांग बघून हवा न भरताच निघायचो. ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळ स्टिकर असतो त्यावर किती हवी ते लिहिलेलं असतं, गाडी थंड असताना भरा. चाकांच्या अलाइनमेंटचं मशीन त्यांच्याकडे नाही, ते दुसरीकडे 700 ला झालं. सगळं मिळून 2300.

मी 100 ऑक्टेनवालं महाग पेट्रोल टाकू का विचारलं, तर सरळ नाही म्हणाले. आणि खरंय ते, जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद नाही, ते नॉकिंग, म्हणजे इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून होणारी खटखट, होऊ नये म्हणून, ज्या इंजिनला त्याची गरजच नाही त्यात टाकून फक्त खिसा रिकामा. आवाजवाला सायलेन्सर तर अजिबात लावू नका, पोलीस चलान करतात आणि पिकअप वाढत नाही.

काम झाल्यावर एक-दोन दिवस आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिनचा आरपीएम जरा वर होता, नंतर आपोआप बसला. ॲव्हरेज टाकी फुल टू फुल मोजलं, 15 होतं ते साडेसतरा आलं. आणि परवा तीच चार माणसं घेऊन खंबाटकी चढलो, एसी चालू, तिसऱ्यावर, दोन वळणांवर तेवढा दुसरा टाकावा लागला. आई मागे झोपलेली होती.

कमतरता पण सांगतो. बसायला जागा नाही, दुपारी शेड भट्टीसारखी तापते, पक्कं बिल मिळत नाही, आणि शनिवार-रविवार गेलात तर तीन तास कुठं गेले कळत नाही. मंगळवारी-बुधवारी सकाळी नऊच्या आत जा, आणि गाडी थोडी पळवून गरम करूनच न्या म्हणजे त्यांना रिम लगेच तपासता येईल.